आमच्या घराण्याची रीत

वसुंधरा, गाझियाबाद
१४ जुलै २०२४

चि. साकेत,

आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे, तेव्हा ते लिहिलेच आहेत असं धरून चाल.

मुलगा पस्तीस वर्षांचा झाल्यावर त्याच्या हातचं पहिलं पत्र यावं आणि त्यात त्याने गुडगावची नोकरी, फ्लॅट आणि मोबाइल हे तिन्ही एकदम सोडल्याचं वर्तमान असावं, हा योग फार थोड्या बापांच्या पत्रिकेत असतो. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षर लागेना म्हणून, दुसऱ्यांदा अर्थ लागेना म्हणून.

मला समजलं ते असं. पानिपतच्या पुढे सहा एकर जमीन. तिच्यावर तू, सूनबाई शिवांगी आणि आणखी नऊ समविचारी माणसं. विजेची तार नाही, नळ नाही, फोन नाही. धान्य पिकवणार, कापड विणणार, मातीच्या घरात राहणार आणि जगात कुणावर म्हणून अवलंबून राहणार नाही. नाव 'सहजवन'. आणि या सगळ्याचे जनक श्री. इंद्रजित, जे परवापरवापर्यंत एका जाहिरात कंपनीत बसून लोकांना शाम्पू विकत होते.

छान. मीठ कुठून आणणार? पानिपतहून समुद्र बराच लांब पडतो. सोलरचे पत्रे कुठल्या झाडाला लागतात? चष्म्याचा नंबर वाढला की काच कोण घासणार, तू की ते शाम्पूवाले?

'समविचारी' या शब्दाचं मला विशेष हसू आलं. आर. के. पुरमच्या आपल्या जिन्यात एक तमिळ, एक बंगाली, एक सरदारजी आणि आपण. चौघांचे विचार एकवीस वर्षांत एकदाही जुळले नाहीत. भांडणं इतकी झाली की तुझी आई दारामागून ऐकायची. पण पहाटे पाचला पाणी आलं की चारही घरं एकाच टाकीतून बादल्या भरायची आणि ज्याच्याकडे आजारी माणूस असेल त्याची बादली आधी. हे जमायला कुणी कुणाशी सहमत असावं लागत नाही. तुम्ही अकरा शहाणे आधी सहमत होणार आणि मग पाणी भरणार. बघू या.

आणि जागा तरी कुठली शोधलीस. मराठी माणूस पानिपतावर गेला की काय होतं, हे आमच्या पिढीला शाळेतच पाठ करून घेतलं होतं. तू दिल्लीच्या शाळेत शिकलास, तुझ्यासाठी तो दोन मार्कांचा प्रश्न होता.

तुझी आई असती तर तिने डबा भरून दिला असता आणि रडली असती. मी दोन्ही करणार नाही.

एक विचारायचं राहिलं. विहीर किती फूट खोल आहे आणि आजूबाजूचे शेतकरी काय लावतात?

तुझा बाप,
मुरलीधर

२ सप्टेंबर २०२४

साकेत,

तुझं उत्तर मिळालं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि मधे मधे उसासे.

बातमी कळली. शिवांगीला सातवा लागेल तेव्हा थंडी सुरू होईल, आणि जानेवारीत बाळ. आनंद झाला, हे नाकारत नाही. पुढचं वाचलं आणि तो जागच्या जागी संपला. बाळ तिथेच जन्माला घालणार. आणि त्याला पहिल्या दिवसापासून रोज 'मंडलजल' पाजणार. म्हणजे काय, तर तुमच्या तीस फुटी विहिरीचं पाणी तांब्याच्या पातेल्यात पाव होईपर्यंत आटवायचं आणि चमच्याने द्यायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला देता तसं. ही परंपरा किती जुनी आहे असं मी विचारणार होतो, पण तूच लिहिलं आहेस की इंद्रजितने ती होळीच्या सुमारास सुरू केली.

तुझ्या बापाने भूजल खात्यात चौतीस वर्षं पाणी तपासण्यात घालवली, हे तू मंडळींना सांगितलंस का? बहुधा नसेल. सरकारी नोकरी तुमच्यात पाप धरत असतील.

तर ऐक. तुमच्या सहा एकरांत खत नाही, मान्य. तुमच्या कुंपणाबाहेर चहूकडे भात आणि गहू. तिथे युरिया पोत्यांनी पडतो आणि पावसाबरोबर खाली उतरतो. जमिनीखालच्या पाण्याला तुमचं कुंपण दिसत नाही. त्या पाण्यात नायट्रेट असतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव म्हणशील तर पाणी उलट गोड लागतं. मोठ्या माणसाला ते चट्कन काही करत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं की त्याचं रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं आणि मूल निळं पडायला लागतं. उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नसतं. पाणी उडून जातं आणि ते खाली राहतं. आमटी आटली की खारट होते, एवढं तुझ्या आईने तुला नक्की शिकवलं होतं. तुम्ही ते पाणी शुद्ध करत नाही आहात, तुम्ही त्याचा अर्क काढता आहात.

मला लिटरभर पाणी बाटलीत भरून पाठव. तुमच्या त्या अमृतात काय काय आहे ते मला बघू दे. की त्यालाही अकरा जणांची संमती लागते? साबण वापरावा की नाही यावर तीन आठवडे सभा चालली असं तू अभिमानाने लिहिलं आहेस. तीन आठवडे बिनआंघोळीचे विचार जुळवत बसलात, धन्य आहे.

मी तिकडे पाऊल ठेवणार नाही. बाटली पाठव.

मुरलीधर

२१ ऑक्टोबर २०२४

साकेत,

मला चादरी घ्यायच्या होत्या म्हणून शुक्रवारी पानिपतला गेलो होतो. हातात वेळ उरला म्हणून रिक्षा करून पुढे आलो. तू नव्हतास. जनरेटरसाठी डिझेल आणायला शहरात गेला होतास असं कळलं. स्वावलंबनाला डिझेल लागतं ही माझ्या ज्ञानात पडलेली भर.

फाटकाशी मी नाव सांगितलं आणि पुढे जे झालं ते कुणी मला सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तुझे ते इंद्रजित धावत आले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाबूजी, जिस दिन आपकी चिट्ठी आती है, उस दिन मंडल में हम अलग से दीया जलाते हैं."

मला वाटलं माणूस उपहास करतो आहे. पण डोळ्यांत पाणी होतं, आणि उपहास मला ओळखता येतो, मी त्यात आयुष्य काढलं आहे. मग हळूहळू उलगडा झाला. तुमच्यात खासगी पत्र ही चीज नाही. आलेलं प्रत्येक पत्र संध्याकाळी मंडलात, म्हणजे सगळ्यांच्या सभेत, मोठ्याने वाचायचं, असा नियम आहे. हे मला कळवावं असं तुला वाटलं नाही. आणि माझं पत्र मराठी, मराठी येणारा तिथे तू एकटा, म्हणून तू ते हिंदीत करून सांगतोस.

काय सांगतोस, तेही मला कळलं. शिवांगीने मला घोंगडीवर बसवलं, पाठीशी उशी दिली, आणि माझीच पत्रं मला तोंडपाठ म्हणून दाखवली.

"पापाजी, वो लाइन तो मैं कभी नहीं भूलूँगी. माँ होतीं तो डिब्बा भरकर भेजतीं, और मैं यहाँ अकेला बैठा रो लेता हूँ."

मी असं लिहिलं होतं? 'अकरा शहाणे' याचे तू 'ग्यारह ज्ञानी' केलेस. जिन्यातल्या पाण्याची गोष्ट तुमच्या मंडलाला फार आवडली, भिंतीवर चुन्याने लिहून ठेवली आहे. फक्त शेवटचं 'बघू या' गाळून. आणि विहिरीबद्दल मी काय म्हणालो?

"आपने लिखा था ना, पापाजी, कि हमारे कुएँ का पानी अमृत है. चौंतीस साल पानी देखा है आपने, आपसे बेहतर कौन जानेगा."

माझ्या हुद्द्याचं सर्टिफिकेट तू त्या विहिरीला लावलंस. दोन पानं मी जीव तोडून जे लिहिलं, त्याचा तू आशीर्वाद केलास.

तिथल्या तिथे सांगून टाकायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण ती समोर बसली होती, पोट सांभाळत, पायांना सूज आलेली. म्हणाली, तिची आई नाही, वडील कॅनडात भावाकडे, वर्षातून दोनदा फोन करायचे तो फोनही आता तिने सोडला. "अब तो आप ही हैं. आपकी चिट्ठी आती है तो लगता है मायके से आई है." मग मी काय बोलणार होतो? की बाई, मी तुला मूर्ख समजतो, आणि माझा मुलगा खोटारडा आहे?

इंद्रजितने तांब्याच्या पेल्यात मंडलजल आणलं. सगळे बघत होते. मी प्यायलो. गोड होतं.

उरलेलं पेल्यातलं एका बाटलीत घेतलं, "घर के मंदिर के लिए" असं सांगून. देवाच्या नावावर खोटं बोललो. परत येताना विहिरीवरून दुसरी बाटली भरून घेतली. चादरी घेतल्या नाहीत, दुकानांपर्यंत गेलोच नाही.

तुझा मला राग आला आहे, आणि वाईटही वाटलं आहे. त्यातलं जास्त काय ते अजून ठरत नाही. पत्रात बापाला सुधारून घेणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला. मूळ प्रत इतकी वाईट होती का?

मुरलीधर

९ नोव्हेंबर २०२४

साकेत,

इथे धुराने समोरची इमारत दिसत नाही. तो धूर तुमच्याच बाजूने येतो, तुमच्याही कुंपणातून आरपार जात असणार. त्यालाही सहजवनाची पाटी वाचता येत नाही.

माझ्या हाताखाली तयार झालेली मीनाक्षी आता प्रयोगशाळा चालवते. तिने दोन्ही बाटल्या स्वतः तपासल्या. लिटरला नायट्रेटची मर्यादा पंचेचाळीस मिलिग्रॅम. तुमच्या विहिरीत एकशे बहात्तर. मंडलजलात सहाशे ऐंशी. तिने मला फोन करून विचारलं, "सर, हे कुठल्या गटाराचं सँपल आहे?" मी म्हटलं, तीर्थ आहे.

अहवालाची प्रत सोबत आहे. एक चमचा पोटात गेला तर कदाचित काही होणारही नाही. पण तुम्ही रोज देणार. आणि शिवांगीला दूध कमी पडलं तर पावडर त्याच पाण्यात कालवणार. मग दवाखाना गाठायला रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास, आणि रिक्षा बोलवायला फोन नाही.

हे पत्र मंडलात वाच. जसंच्या तसं. माझ्या शिव्या गाळ हव्या तर, आकडे गाळू नकोस.

मुरलीधर

२८ नोव्हेंबर २०२४

साकेत,

तुझं पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं. उघडायची इच्छा होईना.

म्हणजे तू वाचलं नाहीस. 'पाणी तपासून घेऊ या' एवढंच मोघम मांडलंस, इंद्रजित म्हणाला, "यह डर की भाषा है," आणि एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार, तेव्हा विषय संपला. शिवांगीला एकटीला सांगून पाहिलंस, तर ती हसून म्हणाली की पापाजींनी तर अमृत म्हटलंय. आपण खणलेल्या खड्ड्यात माणूस इतक्या व्यवस्थित पडलेला मी पाहिला नव्हता.

आणि आता तू लिहितोस, की अहवाल वाचला तर आधीची सगळी पत्रं खोटी ठरतील, शिवांगी तुझं तोंड बघणार नाही. पुढे लिहितोस, "बाबा, मला तुम्ही असं लिहिणारे हवे होतात म्हणून मी तसं वाचत गेलो. पहिल्या दिवशी फक्त एक वाक्य बदललं होतं."

तुझ्या त्या वाक्यावर मी काही लिहिणार नाही. मला येत नाही.

तुझा मुलगा किंवा मुलगी निळी पडायची वाट बघत तुझी अब्रू राखायची, हे मला मान्य नाही. तुझी अब्रू धुळीला मिळवून पोर वाचवायचं, हे सोपं होतं. एक हिंदी पत्र, दहा ओळी, काम फत्ते. लिहिलंही होतं. पाकिटावर तिकीट लावल्यावर मला तिचे सुजलेले पाय आठवले. नवऱ्याचं खोटं, सासऱ्याचं खरं आणि पोटात आठवा महिना, हे तिन्ही एकदम तिच्या अंगावर टाकायचं? पाकीट फाडलं.

मग दुसरं लिहिलं, तिच्याच नावाने. तू जो माणूस तिथे उभा केला आहेस, त्या माणसाच्या हाताने. तीन दिवस लागले. दहावीच्या निबंधानंतर एवढी खाडाखोड मी केली नव्हती. 'बेटा' हा शब्दच अर्ध्या तासाने आला. लिहिलं, की घर फार शांत आहे, सासूबाईंची खोली तशीच ठेवली आहे, तिथे ऊन येतं. खरं सांगायचं तर हे सगळं खोटं लिहायला बसलो होतो आणि लिहून झाल्यावर तपासलं तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही निघालं नाही.

आणि शेवटी आमच्या घराण्याची रीत लिहिली. पहिलं मूल आजोबांच्या घरी जन्मतं. उष्टावण होईपर्यंत, म्हणजे सहा महिने, ते आजोबांचा उंबरा ओलांडत नाही, आणि तोवर त्याच्या तोंडात आईच्या दुधाखेरीज थेंबभर पाणीही जात नाही, मग ती विहीर असो की गंगा. सात पिढ्या चालत आलेली रीत आहे, मोडलेली कुणी पाहिली नाही.

ही रीत मी मंगळवारी दुपारी जेवल्यावर काढली. तू स्वतः जन्मलास तो सफदरजंगच्या सरकारी दवाखान्यात, आणि तुझे आजोबा तेव्हा साताऱ्यात पत्ते खेळत होते. पण तुझे लोक डॉक्टरचं ऐकत नाहीत, प्रयोगशाळेचं ऐकत नाहीत. परंपरा म्हटलं की त्यांची मान आपोआप लवते. होळीची चालते, तर मंगळवारची का चालू नये.

तुला एकच सांगणं आहे. ते हिंदी पत्र मंडलात शिवांगी स्वतः वाचेल. तू मधे तोंड घालू नकोस.

मुरलीधर

१६ डिसेंबर २०२४

साकेत,

पोस्टकार्ड मिळालं. एकमताने मंजूर, अर्ध्या तासात. साबणाला तीन आठवडे आणि माझ्या थापेला अर्धा तास. इंद्रजितने म्हणे डोळे मिटून "ऐसी परंपराएँ अब बची कहाँ हैं" असं म्हटलं. त्याला माझा नमस्कार सांग.

शिवांगीला रविवारी घेऊन ये. रस्त्यात पाणी विकत घे. खोलीला रंग काढला आहे, वास अजून जात नाही म्हणून खिडक्या उघड्या ठेवतो.

मुरलीधर

२३ फेब्रुवारी २०२५

चि. साकेत,

मुलगी पाच आठवड्यांची झाली. चार किलो दोनशे. रंग गव्हाळ, निळा कुठेच नाही, मी रोज सकाळी खिडकीत नेऊन बघतो. नाव सुखदा पक्कं झालं. तुला विचारायचं ठरलं होतं, पण तू हॉस्पिटलात दोन दिवस होतास त्यात माझ्याशी चार वाक्यं बोललास, त्यातली दोन पार्किंगबद्दल होती.

अहवाल मी शिवांगीला गेल्या आठवड्यात दाखवला. आता दाखवायला हरकत नव्हती. तिने दोनदा वाचला. अमृत मी तपासणीआधी लिहिलं होतं, असं तिचं तिनेच धरलं. मुलीला पोटाशी घेतलं. मग विचारलं, "साकेत को पता था?"

माझ्याजवळ खरं उत्तर तयार होतं. एवढी वर्षं माझ्याजवळ ते नेहमीच तयार असतं.

मी म्हटलं, "उसी ने तो मुझे लिखा था कि किसी तरह तुम्हें यहाँ बुला लूँ. रीत-वीत सब उसी के लिए बनाई."

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "वो ऐसा ही है. बोलता नहीं है." तू असा आहेस की नाही मला माहीत नाही. पण आता तुला तसं व्हावं लागेल, मला जसं व्हावं लागलं तसं. तू माझं केलंस, मी तुझं केलं. फिटंफाट.

तिने मंडलाला आकडे लिहून कळवले आहेत. तिचं ऐकतील, ती त्यांच्यातली आहे. तोवर शहरातून कॅन आणता म्हणे, अकरा समविचारी माणसांत निदान तहान तरी एकसारखी निघाली. विहीर सोडून खोल बोअर घ्यायची असेल तर जागा मी दाखवीन. फुकट. शिव्या पडतील, त्या मराठीत असतील.

एक अडचण आहे. ती येताना मंडलात वाचलेल्या माझ्या सगळ्या पत्रांचा गठ्ठा घेऊन आली, लाल कापडात बांधून. रोज संध्याकाळी मुलीला मांडीवर घेऊन समोर बसते आणि म्हणते, पापाजी, आज तुमच्या आवाजात ऐकवा, आधी मराठीत, मग हिंदीत. मराठीत मी वाचतो ते जसंच्या तसं. शाम्पू, साबण, अकरा शहाणे, सगळं. ती डोळे मिटून ऐकते, भाषा किती गोड आहे म्हणते. मग हिंदीत सांगायची वेळ येते आणि मी तू सांगत होतास तेच सांगतो, फक्त ते अमृत वगळून. पहिल्या दिवशी घाम फुटला होता. आता सरावलो. फार काही घालावं लागत नाही, हे पाहून मीच चकित झालो.

पण शिवांगी कालपासून पोरीशी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली आहे. "सुखदा, इकडे बघ," असं. माझ्याकडून रोज पाच शब्द लिहून घेते. आज 'आमटी' आणि 'शहाणा' झाले.

तेव्हा लवकर ये. ती पुरतं मराठी शिकायच्या आत हा गठ्ठा कुठे लपवायचा, ते आपण दोघांनी बसून ठरवलं पाहिजे.

वाट बघतो आहे. हे मात्र कुणालाही, कुठल्याही भाषेत, असंच वाचून दाखव.

बाबा